‘नको’ दाबल्यावर खरंच काही थांबतं का?

मागच्या दिवाळीआधी, परदेशच्या पार्सलांची गडबड ऐन भरात असताना, पुण्यातल्या एका फराळवाल्या वहिनींचा फोन आला. त्यांच्या वेबसाइटची देखभाल माझ्याकडे आहे. फ्रँकफुर्टच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा ईमेल आला होता. मजकूर असा : तुमच्या साइटवरच्या कुकीच्या पट्टीवर मी ‘नको’ दाबलं होतं, तरी दुसऱ्या दिवसापासून तुमच्याच चकल्या माझ्या फोनवर फिरताहेत, हे कसं? पत्र सौम्य होतं, शेवटी अनारशांची चौकशीही होती. पण मधल्या परिच्छेदात त्यांनी सहज लिहिलं होतं की, इथे जर्मनीत याबद्दल सरकारी कार्यालयाकडे तक्रार करता येते. वहिनींचा मला एकच प्रश्न होता. “अहो, ती पट्टी तुम्ही लावली होती ना? मग?”

लावली होती, मीच. फुकटात मिळणारं एक प्लगिन टाकलं, पट्टीचा रंग दुकानाच्या बोर्डाशी जुळवून घेतला आणि काम झालं असं समजलो. पट्टी दिसत होती. तिच्यामागे काहीच थांबत नव्हतं.

ही चूक फक्त माझी नाही. कोकणातल्या होमस्टेच्या, दिवाळी अंकांच्या, क्लासच्या, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या अशा बऱ्याच साइट मी नंतर मुद्दाम उघडून पाहिल्या. बहुतेक ठिकाणी कुकीची पट्टी म्हणजे दारावरचं तोरण आहे. त्यामुळे हा लेख पट्टी कशी लावायची यावर नाही, पट्टी लावण्याआधी काय करायचं यावर आहे. मी वकील नाही, साइट बांधणारा माणूस आहे. कायद्याचं जेवढं आमच्या धंद्याला लागतं तेवढंच सांगतो.

आधी स्वतःची साइट तपासा. लॅपटॉपवर क्रोममध्ये इनकॉग्निटो विंडो उघडा, म्हणजे जुनं काही आड येणार नाही. साइटचा पत्ता टाका. पट्टी वर येईल, तिला हात लावू नका. कीबोर्डवर एफ१२ दाबा. बाजूला एक चौकट उघडेल, तिच्यात ‘ॲप्लिकेशन’ नावाचा टॅब शोधा, डावीकडे ‘कुकीज’वर क्लिक करा. फायरफॉक्समध्ये याच टॅबचं नाव ‘स्टोरेज’ आहे. जी यादी दिसेल ती म्हणजे तुम्ही पाहुण्याला काही विचारण्याआधीच त्याच्या खिशात घातलेल्या चिठ्ठ्या. शेजारच्या ‘नेटवर्क’ टॅबमध्ये पान पुन्हा लोड करून बघा. तुमच्या साइटच्या नावाखेरीज आणखी कोणाकोणाच्या सर्व्हरला निरोप जातो, ते तिथे दिसतं.

वहिनींच्या साइटवर, काही न दाबता, मला अकरा कुकीज मिळाल्या. त्यातल्या कामाच्या तीन. बाकी आठांपैकी अंडरस्कोर-जीए या नावाने सुरू होणाऱ्या दोन गूगल ॲनालिटिक्सच्या. अंडरस्कोर-एफबीपी ही मेटाच्या पिक्सेलची, म्हणजे जाहिरातीसाठी माग काढणाऱ्या छोट्या कोडची. हा पिक्सेल तीन वर्षांपूर्वी जाहिरातीचं काम केलेल्या एका मुलाने थेट थीमच्या हेडरमध्ये चिकटवला होता. मुलगा गेला, जाहिराती थांबल्या, पिक्सेल राहिला, आणि त्या वर्षी नव्या एजन्सीने तोच परत वापरायला घेतला. माझ्या प्लगिनला त्याचा पत्ताच नव्हता, कारण प्लगिन त्याला माहीत असलेल्या मार्गाने आलेल्या गोष्टीच अडवतं. उरलेल्या कुकीज चकली कशी तळतात त्या यूट्यूब व्हिडिओच्या, कोणी न वापरलेल्या चॅटच्या फुग्याच्या, आणि लोक पानावर माउस कुठे फिरवतात ते पाहणाऱ्या एका साधनाच्या. हे शेवटचं कोणी आणि कधी बसवलं, ते अजून कळलेलं नाही.

कुकी म्हणजे नक्की काय, हे दुकानमालकाला समजावताना मी देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडचा बिल्ला आठवायला सांगतो. बिल्ल्यावर फक्त आकडा असतो. चपला कोणत्या, कधी ठेवल्या, हा हिशेब बिल्ल्यावर नसतो, तो स्टँडवाल्याकडे. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी ही युक्ती काढली ती याचसाठी, की तेच गिऱ्हाईक परत आलं हे साइटला ओळखता यावं. टोपलीत घातलेली शंकरपाळी पुढच्या पानावर गायब होत नाही ती त्या आकड्यामुळे. इथवर कोणाचीच तक्रार नाही. गडबड पुढे आहे. समजा आळंदीला, जेजुरीला, थेऊरला एकाच माणसाचे स्टँड आहेत आणि तो तुम्हाला सगळीकडे तोच बिल्ला देतो. तुम्ही सकाळी कुठे होता, संध्याकाळी कुठे, कोणत्या देवळात किती वेळ थांबलात, हे सगळं त्याच्या वहीत आपोआप जमत जातं. जाहिरातवाल्यांच्या कुकीज हे काम करतात. देवळांच्या विश्वस्तांनी त्याला जागा फुकट दिलेली असते, इतकंच.

आता कायदा. युरोपात दोन कायदे एकत्र लागतात आणि लोक त्यातला एकच लक्षात ठेवतात. ज्याला सगळे जीडीपीआर म्हणतात तो २५ मे २०१८ पासून लागू झाला. पण कुकीचा मूळ नियम त्याहून जुना आहे. तो ई-प्रायव्हसी निर्देशात आहे. निर्देश २००२ चा, आणि २००९ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन संमतीची अट आली. नियम साधा आहे : समोरच्याच्या यंत्रावर काहीही ठेवायचं किंवा तिथलं काही वाचायचं, तर आधी विचारा. त्याने मागितलेली सेवा देण्यासाठी जे लागतंच, तेवढंच विचारल्याशिवाय चालतं. इथे कुकी हा शब्द महत्त्वाचा नाही. ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये तीच माहिती ठेवली तरी नियम तोच. ‘आम्ही कुकी वापरतच नाही’ असं सांगणाऱ्या काही साधनांची मेख इथे असते. विचारायचं कसं, कोणती संमती खरी धरायची, हे मात्र जीडीपीआर ठरवतो. संमती मोकळ्या मनाने दिलेली हवी, कशासाठी ते सांगून घेतलेली हवी, काहीतरी कृती करून दिलेली हवी, आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता यायला हवी. संमती मिळाली होती हे सिद्ध करायची जबाबदारीही साइटवाल्याची.

‘पण आपण तर पुण्यात बसलोय’ असं वहिनी म्हणाल्या. बरोबर. नुसती साइट जर्मनीत उघडते एवढ्याने हा कायदा लागत नाही. पण तुम्ही तिथल्या लोकांना माल विकायला बसला आहात असं दिसलं, की लागतो. वहिनींच्या साइटवर युरोत किमती आहेत, ‘जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंड – दिवाळीआधी घरपोच’ अशी ओळ आहे. याहून स्पष्ट काय असणार? ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं तरी त्याने याच धर्तीचे स्वतःचे नियम ठेवले आहेत, तेव्हा लंडनच्या पार्सलांनाही हेच धरून चाला. गावातल्या किराणा दुकानाची फक्त पत्ता-फोन दाखवणारी साइट असेल, तर युरोपचा हा भाग सोडून द्या. पण लेख मिटू नका, भारताचा कायदा पुढे येतोच आहे.

युरोपात हे कागदावर राहिलेलं नाही. प्लॅनेट-४९ नावाच्या कंपनीने ऑनलाइन सोडतीच्या अर्जात कुकीचा चौकोन आधीच टिक करून ठेवला होता. युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ ला निकाल दिला की, ही संमतीच नव्हे. कुकी किती दिवस राहणार आणि ती आणखी कोणाला वाचता येणार, हेही सांगितलं पाहिजे असं बजावलं. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामक संस्थेने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. कारण एवढंच, की ‘स्वीकारा’ला एक क्लिक आणि नकाराला अनेक. त्याच महिन्यात म्युनिकच्या एका न्यायालयाने एका साधारण साइटवाल्याला १०० युरो भरपाई द्यायला लावली. त्याची साइट गूगलच्या सर्व्हरवरून फाँट उचलत होती आणि त्यात पाहुण्याचा आयपी पत्ता न विचारता गूगलकडे जात होता. रक्कम किरकोळ वाटते. पण त्यानंतर जर्मनीत छोट्या साइटवाल्यांना ‘एवढे पैसे द्या नाहीतर’ अशा पत्रांची लाटच आली होती. आपल्यासारख्यांना खरी भीती कोटींच्या दंडाची नाही. ती एखाद्या चिडलेल्या गिऱ्हाइकाची, आणि अशा पत्रांची.

फाँटची गोष्ट मराठी साइटवाल्यांनी वेगळी लक्षात घ्यावी. मुक्त, बालू हे मुंबईच्या एक टाइपचे सुंदर देवनागरी फाँट बऱ्याच मराठी साइट गूगलकडून जोडून घेतात. परवाना खुला आहे. फाइल उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायला कोणी अडवत नाही, आणि साइटही जरा लवकर उघडते. तासाभराचं काम.

तर पहिलं काम यादी करण्याचं आणि दुसरं ती कापण्याचं. पट्टीचा विचार त्यानंतर. मी वहिनींबरोबर बसलो, प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारला : गेल्या सहा महिन्यांत याचा आकडा बघून तुम्ही काही ठरवलंत का? माउसचा माग काढणारं साधन लगेच गेलं. चॅटचा फुगा गेला, कारण सगळी गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवरच विचारतात. तिथे व्हॉट्सॲपची साधी लिंक पुरली. लिंक म्हणजे लिंक, तिच्यामागे काही पळत नाही. दुकानाचा नकाशा सगळ्या पानांवर लोड होत होता. त्याच्या जागी नकाशाचं एक चित्र लावलं आणि दाबलं की नकाशाचं ॲप उघडेल असं केलं. चकलीच्या व्हिडिओवर वहिनींचा जीव होता. तो राहिला, पण आता आधी फक्त चित्र दिसतं, त्रिकोणावर बोट ठेवल्यावर यूट्यूब जागं होतं. यूट्यूबचा नो-कुकी नावाचा वेगळा पत्ताही आहे, पण नुसत्या त्या नावावर विसंबू नका. व्हिडिओ सुरू केल्यावर तिथेही गोष्टी साठवल्या जातात.

कापाकापीनंतर काय उरलं? टोपलीची, लॉगिनची आणि चलन-निवडीची कुकी. या तिघी गिऱ्हाइकाने स्वतः मागितलेल्या कामासाठी आहेत, त्यांना परवानगी लागत नाही. पाहुण्याने काय निवडलं ते लक्षात ठेवणारी कुकीही त्याच जातीची. पैसे भरण्याच्या सेवेचा कोड फक्त पैसे भरायच्या पानावर चालायला हवा. मुखपृष्ठावर त्याचं काय काम? मग राहिले दोघेच : मोजणी आणि जाहिरात. या दोघांना विचारल्याशिवाय आत सोडायचं नाही. इथे बरेच जण वाद घालतात की, मोजणी तर आवश्यकच आहे. आवश्यक तुम्हाला आहे, गिऱ्हाइकाला नाही. फ्रान्समध्ये काही अटींवर निव्वळ मोजणीला सूट मिळते, पण गूगल ॲनालिटिक्स नेहमीच्या पद्धतीने बसवून ती सूट मागता येत नाही.

आणि हेही सांगून ठेवतो : कापल्यावर या दोघांपैकी कोणीच उरलं नाही, तर पट्टी लावूच नका. नुसत्या आवश्यक कुकीजसाठी संमतीची पट्टी लागत नाही. तळाच्या गोपनीयता-पानावर चार ओळींत त्यांची माहिती दिली की झालं. एका कवितेच्या अंकाची साइट मी अशीच मोकळी केली. संपादकांना पट्टी गेल्याची रुखरुख वाटली, ‘मोठ्या साइटवर असते ना’ म्हणाले.

ज्यांना पट्टी लागणारच आहे, त्यांनी भाषेकडे बघा. मराठी साइटवर दिसणारा सर्वांत सामान्य मजकूर म्हणजे ‘आपला ब्राउझिंग अनुभव वर्धित करण्यासाठी आम्ही कुकीजचा वापर करतो’. हे कोणाच्या तोंडचं मराठी आहे? आणि यातून कळलं काय? आम्ही शेवटी लिहिलं ते असं :

‘टोपली आणि लॉगिन चालायला लागतात तेवढ्या कुकीज आम्ही ठेवतो. याशिवाय दोन गोष्टींसाठी तुमची परवानगी हवी. किती लोक येतात आणि काय बघतात ते मोजण्यासाठी : गूगल ॲनालिटिक्स, ६ महिने. आमच्या जाहिराती तुम्हाला दुसरीकडे दाखवण्यासाठी : मेटा, ३ महिने. नको म्हटलंत तरी खरेदीत काही फरक पडणार नाही. हे पुढे कधीही पानाच्या तळाशी बदलता येईल.’

खाली तीन बटणं : ‘नको’, ‘चालेल’, ‘एकेक ठरवू’. पहिली दोन एकाच आकाराची, एकाच रंगाची, शेजारी शेजारी. ‘एकेक ठरवू’मध्ये दोन खटके, दोन्ही बंद अवस्थेत. ॲनालिटिक्सच्या कुकीची मूळ मुदत २ वर्षं असते. सेटिंगमध्ये ती कमी करता येते, म्हणून आम्ही ६ महिन्यांवर आणली. फराळाला दोन वर्षांची आठवण कशाला हवी? आधी वहिनींना ‘चालेल’ केशरी आणि ‘नको’ करड्या रंगात हवं होतं, एजन्सीनेही तेच सुचवलं होतं. ही सवय सोडा. युरोपातल्या बहुतेक नियामकांना पहिल्याच पट्टीवर नकाराचं बटण लागतं. आणि आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीचे १३ प्रकार ठरवून त्यांना मनाई केली आहे. गिऱ्हाइकाला लाजवून होकार घेणं, नको असलेली गोष्ट डोळ्यांत भरेल आणि हवी ती दडून राहील अशी मांडणी करणं, सारखं सारखं विचारून छळणं, हे सगळं त्यात आहे. ‘नको, मला चांगल्या ऑफर आवडत नाहीत’ असं बटण लिहिणारे महाभाग मराठीतही आहेत.

आता खरं यंत्रकाम. साइट बनवणाऱ्याला नुसतं ‘कुकीचं बघ’ सांगू नका. त्याला सांगा की, होकार येईपर्यंत मोजणीचा आणि जाहिरातीचा कोड ब्राउझरने चालवताच कामा नये. कोड येऊन बसला आणि कुकी तेवढी नंतर पुसली, असं नको. हे दोन तऱ्हांनी होतं. एक म्हणजे पानावरच्या त्या स्क्रिप्टचा प्रकार बदलून तिला साधा मजकूर करून ठेवायचं. ब्राउझर मजकूर चालवत नाही. होकार आला की प्रकार परत बदलायचा आणि ती जागी होते. दुसरी तऱ्हा म्हणजे सगळे टॅग, म्हणजे बाहेरच्या साधनांचे हे कोड, एका टॅग मॅनेजरमध्ये आणायचे आणि प्रत्येकावर संमतीची अट घालायची. दुकान छोटं असेल तर पहिलीच तऱ्हा बरी, डोक्याला ताप कमी. कोणतीही घ्या, पण थीमच्या हेडरमध्ये कोणी थेट चिकटवलेलं काही उरलं आहे का, ते आधी हाताने शोधा. माझा घात तिथे झाला होता.

गूगलच्या जाहिराती करणाऱ्यांना ‘कन्सेंट मोड’ हा शब्द ऐकू येईल. मार्च २०२४ पासून युरोपातल्या लोकांना त्यांचा माग ठेवून जाहिराती दाखवायच्या तर गूगल तो मागतं. त्याचे बेसिक आणि ॲडव्हान्स्ड असे दोन प्रकार आहेत. बेसिकमध्ये होकार येईपर्यंत गूगलचा टॅग लोडच होत नाही. ॲडव्हान्स्डमध्ये नकारानंतरही कुकीशिवाय काही निरोप गूगलकडे जात राहतात. एजन्सीवाले दुसरा सुचवतील, आकडे जास्त दिसतात म्हणून. मी पहिला घेतो. ज्याने ‘नको’ म्हटलं त्याला ‘तरी थोडंसं’ हे मला सांगता येत नाही, फ्रँकफुर्टच्या त्या पत्रानंतर तर नाहीच.

नोंद ठेवायची म्हणजे किती? तारीख-वेळ, काय निवडलं, त्या दिवशी पट्टीवर कोणता मजकूर होता त्याचा क्रमांक, आणि कुठलाही एक सहज निवडलेला आकडा. नाव, पूर्ण आयपी पत्ता हे काही लागत नाही. संमतीचा पुरावा ठेवण्यासाठी आणखी खासगी माहिती गोळा करणं म्हणजे उंदीर पकडायला घर जाळणं. होकार वा नकार सहा महिने टिकवा, मग एकदा पुन्हा विचारा. सीएनआयएल चांगली पद्धत म्हणून हाच कालावधी सांगते. नकार दिलेल्याला रोज विचारू नका. मजकूर बदलला किंवा नवं साधन आलं, तर मात्र लगेच परत विचारावं लागेल.

आणि मागे घेणं. पानाच्या तळाशी ‘कुकीची निवड बदला’ अशी लिंक सगळ्या पानांवर हवी. ती दाबून कोणी नकार दिला, की तुमच्या साइटच्या नावावरच्या मोजणी-जाहिरातीच्या कुकीज तिथल्या तिथे पुसा. मेटा किंवा गूगलच्या स्वतःच्या नावावर ठेवलेल्या कुकीज तुम्हाला पुसता येत नाहीत, ब्राउझर ते करू देत नाही. त्यांचा कोड पुन्हा चालणार नाही एवढं बघणं तुमच्या हातात आहे. प्लगिनची परीक्षा इथे होते. मी पाहिलेल्या तीन फुकट प्लगिनांपैकी दोन मागे घेतल्यावर फक्त पट्टी बंद करत होते.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. कॅलिफोर्नियाचा कायदा उलट बाजूने चालतो : आधी विचारायची सक्ती नाही, पण कोणी ‘माझी माहिती विकू नका’ म्हटलं तर थांबावं लागतं, आणि ब्राउझरमधून जाणारा ‘ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल’ हा इशाराही मानावा लागतो. तो न मानल्याचा एक मुद्दा सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीवरच्या कारवाईत होता, आणि २०२२ मध्ये त्यांनी १२ लाख डॉलर भरून ती मिटवली. मात्र हा कायदा मोठ्या उलाढालीच्या किंवा लाखभर लोकांची माहिती हाताळणाऱ्या धंद्यांसाठी आहे. कॅलिफोर्नियाला पन्नास डबे पाठवणाऱ्याने झोप उडवून घेऊ नये.

भारताकडे वळू. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही ऑगस्ट २०२३ मध्ये झाली, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमतीबद्दलच्या मुख्य तरतुदींसाठी त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. या कायद्यात कुकी हा शब्दच नाही. त्यामुळे ‘आपल्याला पट्टी सक्तीची’ असं सांगणारा विक्रेता अर्धवट सांगतो आहे, आणि ‘कुकीला भारतात कायदाच नाही’ म्हणणाराही. माणूस ओळखता येईल अशी कोणतीही डिजिटल माहिती या कायद्याखाली येते. वहिनींकडे खातं उघडलेल्या बाईंच्या नावाशी, फोनशी मोजणीचा आकडा जोडला गेला, की तो आकडाही त्यात आला. मग संमती मोकळी, नेमकी, माहिती देऊन घेतलेली आणि विनाअट हवी, गरजेपुरतीच माहिती घ्यायची, परत घेणं देण्याइतकंच सोपं हवं, पुरावा द्यायची जबाबदारी तुमची. युरोपसाठी केलेलं काम इथे बहुतेक तसंच कामाला येतं.

दोन गोष्टी मात्र खास इथल्या. सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल. मराठी त्यात आहे, कोकणीही आहे, तेव्हा गोव्यातल्या होमस्टेवाल्यांनी फक्त इंग्रजी सूचनेवर भागवायचं ठरवलं असेल तर आताच विचार करावा. दुसरी, मुलं. कायदा १८ वर्षांखालच्यांना मूल धरतो. त्यांच्या माहितीसाठी आई-वडिलांची खात्री करता येईल अशी संमती हवी, आणि त्यांचा माग काढणं, त्यांना हेरून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. शाळांना नियमांत काही मर्यादित सवलती आहेत, पण जाहिरातीचा पिक्सेल त्यात बसेल या आशेवर राहू नका. स्कॉलरशिप परीक्षेचे क्लास, बालमासिकं, छंदवर्ग यांच्या साइटवरून तो आजच काढा. मे २०२७ ची वाट बघण्यासारखं त्यात काही नाही. दंडाची कमाल रक्कम सुरक्षिततेत हयगय केल्यास २५० कोटी रुपये, मुलांबाबतच्या जबाबदाऱ्या मोडल्यास २०० कोटी.

एक नावाचा घोळही सांगतो, कारण त्यावर विक्री सुरू झाली आहे. पट्टीची साधनं विकणारे स्वतःला ‘कन्सेंट मॅनेजमेंट’वाले म्हणवतात. आपल्या कायद्यात ‘कन्सेंट मॅनेजर’ आहे तो वेगळा प्राणी : डेटा संरक्षण मंडळाकडे नोंदलेली, किमान २ कोटी रुपये नक्त मूल्य असलेली भारतीय कंपनी, जिच्यामार्फत माणूस आपल्या सगळ्या संमती एका जागी बघू, देऊ, काढू शकेल. छोट्या दुकानाला असा मॅनेजर नेमायची सक्ती नाही. ‘कायद्याने लागतो’ म्हणून कोणी वार्षिक वर्गणी मागत असेल तर कलम दाखवायला सांगा.

सगळं झाल्यावर चार वेळा तपासा, दर वेळी नवी इनकॉग्निटो विंडो. काही न दाबता. ‘नको’ दाबून. ‘चालेल’ दाबून. आणि ‘चालेल’ दाबून मग तळाच्या लिंकवरून मागे घेऊन. पहिल्या दोन वेळी आवश्यक कुकीजखेरीज काहीही दिसता कामा नये, आणि नेटवर्क टॅबमध्ये गूगल-मेटाची नावंही. मोबाइलवर एकदा बघा, पट्टीने ‘ऑर्डर द्या’चं बटण झाकलं नाही ना. कॅश रिकामी करायला विसरू नका, नाहीतर जुनंच पान तपासून खूश व्हाल. आणि ही परीक्षा गणपतीनंतर, जाहिरातीचा हंगाम लागण्याआधी, दरवर्षी परत द्या. नवी एजन्सी येते ती नवा टॅग घेऊन येते. वहिनींच्या एजन्सीबरोबरच्या करारात आता एक ओळ आहे : मला कळवल्याशिवाय साइटवर कोणताही कोड टाकायचा नाही.

बदल केल्यावर आठवड्याभरात वहिनींचा पुन्हा फोन. “अहो, बघणारी माणसं निम्मी झाली!” निम्मी झाली नव्हती, निम्म्यांनी मोजून घ्यायला नकार दिला होता. ऑर्डरची वही काढून मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी ताडून पाहिली, डबे जवळपास तेवढेच होते. कोणती जाहिरात चालते हे कळायला आम्ही ऑर्डरच्या फॉर्ममध्ये एक ऐच्छिक ओळ घातली, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर होतं ‘नणंदेकडून’. फ्रँकफुर्टच्या गिऱ्हाइकाला मी स्वतः लिहिलं : काय चुकलं होतं, काय काढलं, मेटाच्या सेटिंगमध्ये जाऊन आमच्या दुकानाशी जोडलेली नोंद कशी पुसायची. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, त्यात अनारशांची संख्या होती.